इनहिबिटर देऊनही पेशी चमकतातच: प्रोबचा उजेड नेमका कुठून येतो ते कसं शोधायचं

तक्रार नेहमीची आहे. जिवंत पेशींत एखादं एन्झाइम किती काम करतंय हे पाहायला फ्लुओरेसंट प्रोब घातला, म्हणजे एन्झाइमने कापला की चमकणारा रंग मोकळा करणारा रेणू. प्लेटवरच्या शेजारच्या वेल्समध्ये, म्हणजे खळग्यांत, त्याच एन्झाइमचा इनहिबिटर, म्हणजे त्याला अडवणारं औषध, दिलं. तासाभराने प्लेट वाचली तर दोन्हीकडचे आकडे जवळपास सारखेच. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

अशा वेळी बहुतेक जण आधी इनहिबिटरचा डोस दहापट वाढवतात. मीही तेच केलं होतं. डोस वाढला, पेशी मरायला लागल्या, सिग्नल थोडा उतरला, आणि इनहिबिटर चालला असं समजून मी पुढे गेले. मेलेल्या पेशींमुळे उतरलेला सिग्नल मी एन्झाइमच्या खात्यावर मांडत होते. हे लक्षात यायला तीन आठवडे गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहितेय.

प्लेट रीडरला एन्झाइम दिसत नाही. त्याला दिसतो मोकळा झालेला रंग. तो कोणी मोकळा केला, पेशीच्या आत केला की बाहेर, की बाटलीतच तो आधीपासून मोकळा होता, हे आपल्यालाच शोधावं लागतं. खालचा सगळा खटाटोप त्यासाठीच आहे.

एक आकडा नको, रेघ हवी

तासाभरानंतरच्या एकाच आकड्यावरून काहीही निदान होत नाही. प्रोब घातल्यापासून दर दोन मिनिटांनी, निदान अर्धा तास वाचन घ्या आणि आलेख काढा. मग दोन गोष्टी वेगवेगळ्या बघा: रेघ किती उंचीवरून सुरू होते, आणि किती वेगाने चढते. सुरुवातीची उंची म्हणजे प्रोब पडला त्या क्षणी जो उजेड होताच तो. चढ म्हणजे त्यानंतर जे कापलं गेलं ते. इनहिबिटरचा जोर फक्त चढावर चालतो. समजा सुरुवात ५,००० एककांवर आहे आणि तासाभरात भर पडते जेमतेम ६०० ची. इनहिबिटरने एन्झाइम पूर्ण बंद पाडलं तरी आकडा ५,६०० वरून ५,००० वर येईल. वेल्समधल्या नेहमीच्या चढउतारात एवढा फरक सहज बुडून जातो.

उलटही होतं, आणि ते जास्त फसवं आहे. एन्झाइम जोरदार असेल तर दहा मिनिटांत बहुतेक प्रोब कापून संपतो आणि रेघ आडवी होते. इनहिबिटरने वेग पाचपट कमी केला, म्हणजे त्याने उत्तम काम केलं, तरी ती रेघ तासाभरात त्याच छताला जाऊन टेकते. तासाचा आकडा दोन्हीकडे सारखा! इथे सगळं ठीक चाललंय, फक्त आपण उशिरा बघतोय. म्हणून वेग नेहमी सुरुवातीच्या सरळ भागातून काढा, जिथे दहा टक्क्यांहून कमी प्रोब खर्च झाला आहे. रेघ आडवी होण्याचं कारण प्रोब संपणं आहे की डिटेक्टर भरणं, हे पाहायला त्याच सेटिंगवर मोकळ्या रंगाची वाढत्या प्रमाणाची मालिका वाचा. ती मालिकाही त्याच आकड्याला अडकली तर गेन, म्हणजे डिटेक्टरची संवेदनशीलता, कमी करा.

दुसरी चाचणी दहा मिनिटांची आहे. वरचं मीडियम (पेशी ज्यात वाढतात ते द्रव) काढून रिकाम्या वेल्समध्ये वाचा, पेशी बफरने धुऊन वेगळ्या वाचा. उजेड कुठे आहे? बहुतांश बाहेर निघाला तर लगेच निष्कर्ष काढू नका, कारण बाहेरच्या उजेडाचे दोन अर्थ होतात. एक, प्रोब पेशीबाहेरच कापला गेला. दोन, आत कापला गेला पण रंग पाझरून बाहेर आला. अमिनोमिथाइलकुमारिन, म्हणजे एएमसी, लहान आणि विद्युतभार नसलेला रेणू आहे, तो पेशीत टिकत नाही. मायक्रोस्कोपखाली पेशी फिकट आणि प्लेट रीडरवर मात्र भरघोस सिग्नल, असं एएमसीच्या बाबतीत होतंच. हे दोन अर्थ वेगळे करायचे तर प्रोब न घातलेल्या पेशींवरचं मीडियम तासाभराने काढा, सेंट्रिफ्यूज करून पेशींचे अवशेष खाली बसवा, आणि त्या नितळ मीडियममध्ये प्रोब घाला. तिथेही रेघ चढली तर कापणारं एन्झाइम बाहेर आहे.

सुरुवातच उंच असेल तर

पहिला संशय स्टॉकवर, म्हणजे बाटलीत साठवलेल्या प्रोबच्या दाट द्रावणावर घ्या. १० मायक्रोमोलर प्रोबमध्ये फक्त १ टक्का मोकळा रंग असेल तर तो १०० नॅनोमोलर होतो. अर्ध्या तासात पेशींनी २ टक्के प्रोब कापला तर त्यांची कमाई २०० नॅनोमोलर. म्हणजे एकूण उजेडाचा एक तृतीयांश भाग बाटलीतून आलेला. लेबलवर शुद्धता ९९ टक्के लिहिलेली असली तरी आपल्या कामाला ती कमी पडू शकते. नुसत्या बफरमध्ये प्रोब घालून लगेच वाचा आणि मोकळ्या रंगाच्या मालिकेशी ताडून पाहा, किती टक्के मोकळा आहे ते कळेल.

स्टॉक बिघडतो तो बहुधा ओलाव्याने. प्रोब ज्यात विरघळवून ठेवतात तो डीएमएसओ हवेतली वाफ ओढून घेतो आणि १८.५ अंश सेल्सिअसला गोठतो, त्यामुळे दरवेळी वितळवावा लागतो. थंड ट्यूब बाहेर काढल्याकाढल्या उघडली की आत दव धरतं. ट्यूब खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच झाकण काढा, आणि एकदा वापरून टाकून देता येतील असे लहान लहान भाग करून ठेवा. एस्टर बंध असलेले प्रोब, विशेषतः अ‍ॅसिटेट आणि अ‍ॅसिटॉक्सीमिथाइल गटांचे, पाण्याला लवकर बळी पडतात. पेप्टाइडला अमाइड बंधाने जोडलेला एएमसी त्यामानाने चिवट.

दुसरा संशय पेशींच्या स्वतःच्या उजेडावर. पेशीच्या ऊर्जाव्यवहारातला एनएडीएच हा रेणू ३४० नॅनोमीटरला प्रकाश शोषून ४६० च्या आसपास चमकतो. एएमसीही आपण साधारण ३५० ला उत्तेजित करून ४४० ते ४६० ला वाचतो. दोघं एकमेकांच्या अंगावर बसलेले आहेत. त्यात केंद्रकं दिसावीत म्हणून कुणी होक्स्ट घातलं तर तेही ४६० लाच चमकणार. एएमसीबरोबर होक्स्ट नकोच. हिरव्या प्रकाशाच्या पट्ट्यात पेशीतली फ्लाविनं आहेत, ४५० च्या जवळ शोषणारी आणि ५३० च्या जवळ चमकणारी. मीडियममधलं रायबोफ्लाविन आणि फिनॉल रेड यांचीही भर पडते, म्हणून वाचनाच्या वेळी फिनॉल रेड नसलेलं मीडियम किंवा साधा बफर वापरा.

प्रोब नसलेल्या पेशींचं वेल सगळेच ठेवतात. प्रोब नसलेल्या पण इनहिबिटर दिलेल्या पेशींचं वेल मात्र फार थोडे ठेवतात. काही इनहिबिटर स्वतःच चमकतात. काही औषधं पेशीतलं एनएडीएच वाढवतात, उदाहरणार्थ मायटोकॉन्ड्रियाच्या पहिल्या संकुलाला अडवणारं रोटेनोन. अशा वेळी एन्झाइम उतरलेलं असतं, पार्श्वभूमी चढलेली असते, आणि बेरीज तेवढीच भरते. निवडीला वाव असेल तर लांब तरंगलांबीचा रंग घ्या. रेसोरुफिन ५७१ ला शोषतं, ५८५ ला चमकतं, आणि तिथे पेशींचा स्वतःचा गोंगाट बराच कमी असतो.

पेशी नसतानाही रेघ चढते

मीडियम अधिक प्रोब, पेशी नाहीत, तरी चढ आहे. मग मीडियममध्ये मिसळलेल्या सीरमकडे (रक्तद्रवाकडे) बघा. फ्लुओरेसीन डायअ‍ॅसिटेट जिवंत पेशीत शिरतं, आतली एस्टरेजं (एस्टर बंध तोडणारी एन्झाइमं) ते कापतात आणि फ्लुओरेसीन आत अडकून पेशी उजळते, हे रॉटमन आणि पेपरमास्टर यांनी १९६६ मध्ये दाखवलं. पेशी जिवंत आहे का हे ओळखायला ही युक्ती उत्तम, कारण कुठलंही एस्टरेज चालतं. एखाद्या ठरावीक एन्झाइमचा माग काढताना मात्र हाच गुण आड येतो. प्रोबवर कुठेही एस्टर गट असला की सीरममधली एस्टरेजंही त्यावर हात मारतात. सीरम ५६ अंशांवर अर्धा तास तापवलेलं आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नका. ते तापवणं रोगप्रतिकारातली कॉम्प्लिमेंट प्रथिनं निकामी करण्यासाठी असतं, एस्टरेजं त्यात संपतातच असं नाही.

माझी तीन आठवड्यांची गोष्ट इथलीच. मी लायसोसोममधली, प्रथिनं कापणारी कॅथेप्सिन एन्झाइमं मोजत होते, प्रोब झेड-एफआर-एएमसी. हा अर्जिनीन या अमिनो आम्लानंतर कापला जातो. सीरममध्ये अर्जिनीननंतर कापणारी प्रोटिएजं (प्रथिनं तोडणारी एन्झाइमं) असतात, प्लाझ्मा कॅलिक्रेन त्यातलंच एक. म्हणून मी शहाणपणाने सीरम काढून टाकलं. प्लेटला चिकटलेल्या पेशी ट्रिप्सिन या प्रोटिएजने सोडवल्या, सीरमविरहित बफरमध्ये एकदा धुतल्या आणि तशाच तरंगत्या अवस्थेत प्रोब दिला. चढ जोरदार, आणि ई-६४डी हा कॅथेप्सिनांचा इनहिबिटर देऊनही फारसा फरक नाही. डोस वाढवण्याचा उद्योग मी केला तो याच टप्प्यावर.

ट्रिप्सिनसुद्धा अर्जिनीन आणि लायसीननंतरच कापतं. ०.२५ टक्क्यांचं द्रावण म्हणजे दर मिलीलीटरमागे २.५ मिलिग्रॅम. धुतल्यावर त्यातलं १ टक्का जरी उरलं तरी २५ मायक्रोग्रॅम प्रति मिलीलीटर होतं, आणि प्रोब कापायला ते भरपूर झालं. एरवी सीरममधलं अल्फा-१ अँटिट्रिप्सिन या उरलेल्या ट्रिप्सिनला गप्प करतं. मी सीरम काढलं आणि त्याबरोबर ट्रिप्सिनवरचा पहाराही काढला. एक अडचण निवारताना दुसरी मीच आत घेतली होती.

उलगडा झाला तो सोयाबीन ट्रिप्सिन इनहिबिटरने. तो सुमारे २० किलोडाल्टनचं प्रथिन आहे, एवढ्या वेळात पेशीच्या आत जाऊन काही करण्याची शक्यता नगण्य. तो घातल्याबरोबर चढ कोसळला, याचा अर्थ कापणं बाहेर चाललं होतं. तेव्हापासून पेशीत न शिरणारा इनहिबिटर मी मुद्दाम जवळ ठेवते. आत आणि बाहेर यांचा निवाडा त्याच्याइतका स्वच्छ दुसरं काही करत नाही. आता मी पेशी आदल्या दिवशी सीरम असलेल्या मीडियममध्ये चिकटवते, प्रयोगाच्या वेळी बफरने दोनदा धुते, आणि तरंगत्या पेशीच हव्या असतील तर ट्रिप्सिनऐवजी नुसत्या ईडीटीएने सोडवते.

पेशींतच चढते, पण इनहिबिटरला जुमानत नाही

आता प्रश्न खरोखर इनहिबिटरचा. आधी तो चालतो का तेच पाहा. पेशी फोडून त्यांच्या अर्कात, त्या एन्झाइमला मानवणाऱ्या पीएचला, प्रोब आणि इनहिबिटर घाला. अर्कात चढ थांबला आणि जिवंत पेशीत थांबला नाही, तर औषध आत पोचत नाहीये. कॅथेप्सिनसाठी लोक ई-६४ आणि ई-६४डी यांची गफलत करतात. ई-६४ वर विद्युतभार आहे, तो पडद्यातून सहजी जात नाही. ई-६४डी हा इथाइल एस्टर आहे, तो आत जातो आणि तिथे त्याचं क्रियाशील रूप तयार होतं. बाटलीवर एका अक्षराचा फरक, पण प्रयोग पूर्ण वेगळा.

मग वेळ. इनहिबिटर प्रोबच्या निदान अर्धा तास आधी द्या. आणि धुताना तो गमावू नका! मी पाहिलेल्या बिघडलेल्या प्रयोगांत ही चूक वारंवार भेटली: इनहिबिटर दिला, पेशी धुतल्या, मग नुसता प्रोब घातला. इनहिबिटर परत सुटणाऱ्या जातीचा असेल तर धुण्यातच तो गेला. प्रोबच्या द्रावणातही तो तेवढ्याच प्रमाणात असायला हवा. पीएमएसएफ या प्रोटिएज-इनहिबिटरसारख्याची तऱ्हा आणखी वेगळी. ते पाण्यात टिकतच नाही, पीएच ८ आणि २५ अंशांना त्यातलं निम्मं साधारण ३५ मिनिटांत निकामी होतं. सकाळी बनवलेलं द्रावण दुपारी वापरलं तर नुसतं पाणी दिल्यासारखंच.

प्रोब किती घातलाय तेही बघा. इनहिबिटर स्पर्धा करणारा असेल तर प्रोब जितका जास्त, तितका तो मागे रेटला जातो. चेंग आणि प्रुसॉफ यांच्या १९७३ च्या समीकरणाने हिशेब सोपा होतो: प्रोब मायकेलिस स्थिरांकाच्या (एन्झाइम निम्म्या कमाल वेगाने चालतं त्या प्रोबच्या प्रमाणाच्या) दहापट असेल तर निम्मी क्रिया थांबवायला इनहिबिटर त्याच्या बंधन-स्थिरांकाच्या अकरापट लागतो. सिग्नल छान यावा म्हणून आपण प्रोब सढळ हाताने घालतो आणि तोच इनहिबिटरच्या मुळावर येतो. इनहिबिटर वाढवण्याआधी प्रोब कमी करून पाहा.

हे सगळं नीट असूनही चढ उरला, तर तो दुसऱ्या कुणा एन्झाइमचा असू शकतो. प्रोबच्या नावावर जाऊ नका. झेड-एफआर कॅथेप्सिन बी आणि एल दोघंही कापतात. डीईव्हीडी या अमिनो आम्लांच्या क्रमाचा प्रोब कॅस्पेज-३ या पेशीमृत्यूतल्या प्रोटिएजचा म्हणून ओळखला जातो, पण कॅस्पेज-७ ही तो कापतं. एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींत जनुकातल्या ४७ बेसच्या लोपामुळे कॅस्पेज-३ नसतंच, म्हणून त्या कंट्रोलसाठी वापरल्या जातात, आणि त्यांतही डीईव्हीडी प्रोब उजळला की लोक गोंधळतात. तिथे काम कॅस्पेज-७ चं असू शकतं. इनहिबिटरची नावंही तितकीच फसवी. झेड-व्हीएडी-एफएमके कॅस्पेजांसाठी दिलं जातं, पण कॅथेप्सिनांनाही लागू पडतं. सीए-०७४ कॅथेप्सिन बी पुरतं नेमकं आहे. पेशीत शिरावं म्हणून वापरला जाणारा त्याचा मिथाइल एस्टर मात्र पेशीतल्या क्षपणकारी वातावरणात कॅथेप्सिन एलही अडवतो. म्हणून एका इनहिबिटरच्या साक्षीवर निकाल देऊ नये. वेगळ्या रचनेचा दुसरा इनहिबिटर, किंवा शक्य असेल तर ते जनुकच काढून टाकलेल्या पेशी घ्या. जनुक नसलेल्या पेशीत चढ तेवढाच राहिला, तर प्रोब तुमचं एन्झाइम दाखवत नाहीये. ते ऐकायला जड जातं, पण मान्य करावं लागतं.

सिग्नल उतरला तरी तपासा

इथे थोडं थांबते, कारण हा भाग सगळ्यात कमी केला जातो. इनहिबिटरने सिग्नल उतरला म्हणजे एन्झाइम थांबलं, असं आपण धरून चालतो. पण रंग बाहेर फेकला गेला, त्याच्या आसपासचा पीएच बदलला, किंवा प्रोब आत येणंच कमी झालं, तरी सिग्नल उतरतो.

फ्लुओरेसीनचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला त्याचे निम्मे रेणू तेजस्वी रूपात असतात तो, ६.४. पीएच ७.४ ला त्यातला सुमारे ९१ टक्के भाग तेजस्वी, दोन ऋणभार असलेल्या रूपात असतो. लायसोसोम या पेशीतल्या आम्लधर्मी कप्प्यात, पीएच ४.७ च्या आसपास, तो जेमतेम २ टक्के. एन्झाइमने इमानदारीने कापलेला रंग तिथे अंधारातच राहतो. मिथाइलअंबेलिफेरोनचा पीकेए ७.८, त्याची अवस्था लायसोसोमात आणखी वाईट. म्हणूनच ट्यूबमधल्या प्रयोगात शेवटी अल्कधर्मी द्रावण घालून ते वाचतात. आम्लधर्मी कप्प्यात मोजायचं असेल तर ऱ्होडामाइन ११० सारखा, पीएच ४ ते ९ मध्ये फारसा न बदलणारा रंग घ्या.

बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे एन्झाइम मोजणाऱ्यांना हे दोन्ही बाजूंनी भोवतं. पेशींचं स्वतःचं लायसोसोमी एन्झाइम पीएच ४ ते ४.५ ला जोरात असतं, पेशीत घातलेल्या जिवाणूच्या लॅकझेड जनुकाचं ७ च्या पुढे. लॅकझेड नसलेल्या पेशी एफडीजी या, कापल्यावर फ्लुओरेसीन देणाऱ्या प्रोबने उजळल्या तर ते काम लायसोसोमचं समजा. मग ते दाबायला क्लोरोक्विन किंवा बॅफिलोमायसिन देऊन लायसोसोमचा पीएच चढवतात. पण पीएच चढला की आधी मोकळं झालेलं फ्लुओरेसीन अधिक तेजाने चमकतं. एन्झाइम खाली, रंग वर. म्हणून हे औषध प्रोबच्या आधी द्यायचं, नंतर कधीच नाही.

पंपांचंही भान ठेवा. एस्टरेजने कापल्यावर चमकणारा कॅल्सीन-एएम प्रोब आत शिरताशिरता पी-ग्लायकोप्रोटीन हा पडद्यातला पंप त्याला बाहेर ढकलतो. तुमचं औषध तो पंप अडवत असेल, जसं व्हेरापामिल किंवा सायक्लोस्पोरिन अडवतं, तर पेशी जास्त उजळतील आणि एस्टरेज वाढल्याचा भास होईल. फ्लुओरेसीनसारखे ऋणभारी रंग बाहेर जाऊ नयेत म्हणून १ ते २.५ मिलिमोलर प्रोबेनेसिड वापरतात.

यावरचा कंट्रोल साधा आहे: पेशींना प्रोबऐवजी मोकळा रंग द्या. तो आत जात नसेल तर त्याचं कुठलंही एस्टरेज कापेल असं अ‍ॅसिटेट रूप द्या. इनहिबिटरसह आणि इनहिबिटरशिवाय, अशा दोन ओळी. या दोन ओळींत फरक पडला तर इनहिबिटर रंगावर, पंपावर किंवा पीएचवर काहीतरी करतोय, आणि मुख्य प्रयोगातला फरक तेवढ्यापुरता वजा करूनच वाचावा लागेल. चार अंशांवर केलेल्या कंट्रोलवर माझा भरवसा नाही. थंडीत एन्झाइम मंदावतं तसं प्रोबचं आत जाणंही मंदावतं, मग उतरलेल्या सिग्नलचा अर्थ काय लावायचा?

एवढं करूनही अडलात आणि कुणाला विचारायला गेलात, तर शेवटचा स्तंभालेख दाखवू नका. पार्श्वभूमी वजा न केलेल्या कच्च्या रेघा न्या: बफर अधिक प्रोब, मीडियम अधिक प्रोब, नुसत्या पेशी, पेशी अधिक इनहिबिटर, पेशी अधिक प्रोब, पेशी अधिक प्रोब अधिक इनहिबिटर, आणि मोकळ्या रंगाच्या त्या दोन ओळी. सोबत प्रोब व इनहिबिटरचं प्रमाण, डीएमएसओ किती टक्के, पेशी कशाने सोडवल्या, किती वेळा धुतल्या आणि धुतल्यावर इनहिबिटर परत घातला की नाही, हे लिहून द्या. डीएमएसओ सगळ्या वेल्समध्ये सारखाच हवा, इनहिबिटर नसलेल्यांतही.